अ‍ॅक्यूक्राफ्ट रुबी: चालवायला सोपे, सांभाळायला किचकट

अ‍ॅक्यूक्राफ्टचे ‘रुबी’ हे खऱ्या वाफेवर चालणारे छोटे मॉडेल रेल्वे इंजिन घ्यावे की नाही, हे ते रुळांवर कसे पळते यावरून ठरवू नये. पळते ते छानच. दोन रुळांमध्ये 45 मिमी अंतर, 1:20.3 प्रमाण, चार चाके, तांब्याचा बॉयलर, त्यात एकच नळी आणि त्या नळीत ब्युटेनची ज्योत. खऱ्या वाफेवर चालणारे पहिले इंजिन म्हणून जगभर अनेकांनी हेच घेतले आहे. खरा कस लागतो काही महिन्यांनी. पूर्वी पाच-सात मिनिटांत चढणारा दाब तेव्हा चढत नाही, चिमणीतून सुटणाऱ्या वाफेचा एक ठोका जोरात तर दुसरा दबका येतो, आणि मालकाला नेमके काय उघडायचे ते कळत नाही. म्हणून या परीक्षणात बहुतेक जागा देखभालीला दिली आहे. तुलनेला इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या राउंडहाउस कंपनीचे ‘लेडी अ‍ॅन’ घेतले आहे. दोन्ही गॅसवरची, दोन्हींचा दाब 40 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास, पण घडण वेगळी.

आधी घडणीतला फरक, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथून निघतात. लेडी अ‍ॅनमध्ये स्लाइड व्हॉल्व्ह (सरकत्या सपाट झडपा) आणि त्यांना हलवणाऱ्या दांड्यांची जुळणी, म्हणजे सोपी केलेली वॉलशर्ट्स गिअर, बाहेरच्या बाजूला आहे. रुबीत पिस्टन व्हॉल्व्ह (दंडगोल झडपा) आहेत. इंजिन मागे न्यायचे झाले की वाफ आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट यांची अदलाबदल करणारा एक वेगळा व्हॉल्व्ह फिरतो. सुटे भाग कमी लागतात, म्हणून किंमत आटोक्यात राहते. पण ही अदलाबदल जमायची तर पिस्टन व्हॉल्व्हला लॅप, म्हणजे वाफेची वाट लवकर बंद करणारी जादा कड, देता येत नाही. त्यामुळे वाफ जवळजवळ संपूर्ण स्ट्रोकभर सिलिंडरात जात राहते, तिच्या प्रसरणाचा फायदा मिळत नाही. आवाज दमदार येतो, पाणी आणि गॅस मात्र भराभर संपतात. रुबी खादाड आहे ही तक्रार खरी आहे, पण ती बिघाडाची खूण नव्हे. तिच्यासाठी इंजिन उघडू नका.

सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग म्हणजे गॅसचा जेट, बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी. त्याचे भोक साधारण 0.2 मिमीचे, केसाच्या जेमतेम दोन-तीन पट. लायटरच्या गॅसमध्ये तेलकट अंश असतो, टाकीच्या भरण-व्हॉल्व्हच्या ओ-रिंगचे कण सुटतात, आट्यांना गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे वाहत येतात. हे सगळे त्या भोकाशी येऊन अडते. जेट पूर्ण बंद झाला तर निदान लगेच होते. अर्धवट तुंबला की फसगत होते: बर्नर पेटतो, ज्योत निळी दिसते, पण दाब 15–20 पीएसआयला येऊन थांबतो. मग माणूस वाफेची गळती शोधत बसतो, ग्लँड (रॉडभोवतीचे वाफ अडवणारे बूच) आवळतो, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलतो. दाब चढत नसेल तर आधी जेट बघा, बाकी सगळे नंतर.

साफ करण्याची रीत अशी. टाकी पूर्ण रिकामी करा, उघड्यावर, आसपास ज्योत नसताना. गॅसची नळी सोडवून जेट बाहेर काढा. त्यात तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असते, भोक एकदा अंडाकृती झाले की ज्योत पुन्हा सरळ येत नाही. जेट थिनर किंवा अ‍ॅसिटोनमध्ये तासभर ठेवा, मग गॅसच्या कॅनचे तोंड जेटच्या बाहेरच्या टोकाला टेकवून उलट्या दिशेने फवारा मारा, म्हणजे अडकलेला कण आला त्याच वाटेने परत जातो. प्रकाशासमोर धरून भोक गोल दिसते का ते पाहा. परत बसवताना टेप टाळा. आट्यांना द्रवरूप थ्रेड सीलंटचा अगदी पुसट हात द्या, तोही टोकाकडचे दोन आटे कोरडे सोडून. नंतर साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासा. बुडबुडा दिसला तर पेटवू नका. एक जादा जेट नेहमी जवळ असावा. तुंबलेला जेट धुण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा नवा लावून इंजिन चालवावे आणि जुना सवडीने धुवावा.

पेटवण्याची पद्धत चुकली तर इंजिनाचा रंगही जातो. गॅस अगदी बारीक उघडायचा, जेमतेम फुस्स ऐकू येईल इतकाच, आणि लायटर चिमणीच्या तोंडाशी धरायचा. ज्योत नळीतून मागे सरकून बर्नरवर बसली की ‘टप’ असा आवाज येतो. तो आला नाही आणि चिमणीखालच्या स्मोकबॉक्समध्येच फडफड दिसली तर गॅस ताबडतोब बंद करा, नळीतला साचलेला गॅस निघून जाऊ द्या, मग पुन्हा पेटवा. ज्योत तिथेच जळत राहिली तर स्मोकबॉक्सचा रंग फुगून निघतो. बर्नर किंचाळत असेल तर बहुधा हवा आणि गॅस यांचे प्रमाण बिघडलेले असते. जेटजवळच्या हवेच्या छिद्रांवरची कडी जराशी फिरवून पाहा आणि गॅस कमी करा. बॉयलर तापल्यावर तोच बर्नर शांत होतो, म्हणून थंड इंजिनावर लागलेली जुळणी कायमची धरू नका.

इथे आपल्याकडची हवा मध्ये येते. ही इंजिने ज्या देशांत जास्त चालतात तिथली अडचण थंडीची असते. टाकीतला द्रव गॅस उकळताना स्वतःच गार होतो, दाब पडतो, म्हणून टाकीभोवती कोमट पाणी ठेवण्याचा सल्ला तिकडे देतात. ब्युटेनचा बाष्पदाब 20 अंशांना वातावरणापेक्षा साधारण 1.1 बार जास्त असतो. 40 अंशांना तो 2.8 बारच्या जवळ जातो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये भर दुपारी रुबी उन्हात ठेवली आणि टाकी केबिनमध्ये बॉयलरच्या मागे तापत राहिली, तर गॅसचा व्हॉल्व्ह थोडासा उघडला तरी ज्योत उधळते. गॅस-व्हॉल्व्हच्या सुईला तेवढ्या दाबावर बारीक जुळणी जमत नाही. उपाय साधा आहे: सकाळी किंवा सूर्य कलल्यावर चालवा, टाकी काठोकाठ भरू नका, आणि टाकी व बॉयलर यांच्यामध्ये पातळ कॉर्कचा किंवा सिरॅमिक कापडाचा तुकडा ठेवा.

कोणता गॅस भरायचा, यावर मत द्यायला वाव नाही. लायटरमध्ये भरायचा ब्युटेनचा कॅन चालतो, त्याचे तोंड या टाकीच्या व्हॉल्व्हला थेट बसते. पोर्टेबल शेगडीचे 220–225 ग्रॅमचे कॅन स्वस्त पडतात, पण त्यांना अ‍ॅडॉप्टर लागतो. घरगुती सिलिंडरमधला गॅस कधीही भरू नये. त्यात प्रोपेन असतो, आणि शुद्ध प्रोपेनचा दाब 20 अंशांनाच वातावरणापेक्षा 7 बारहून जास्त असतो. ही टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि जेट त्यासाठी बनवलेले नाहीत.

पाण्याच्या बाबतीत रुबीचे मोठे उणे म्हणजे काचेची पाणीनळी नाही. बॉयलरमध्ये किती पाणी उरले ते दिसत नाही, आणि पाणी भरायची वाट सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागेतूनच आहे. म्हणून नियम असा पाळावा लागतो की आधी गॅस संपला पाहिजे, पाणी नंतर. बॉयलर तोंडापर्यंत भरा, मग सिरिंजने साधारण 25–30 मिली बाहेर काढा. ही जागा वाफेसाठी हवी. ती ठेवली नाही तर सुरुवातीला सिलिंडरात पाणी जाते, चिमणीतून गरम पाण्याची पिचकारी उडते आणि तेल धुऊन निघते. एका टाकी गॅसला एक भरण पाणी, हा हिशेब कधी मोडू नका. इंजिन गरम असतानाच गॅस पुन्हा भरून ‘अजून एक फेरी’ काढली की बॉयलर कोरडा पडतो. चांदीच्या डागाने जोडलेला बॉयलर एखाद्या वेळी हे सोसतो, पण सेफ्टी व्हॉल्व्हची ओ-रिंग आणि रंग सोसत नाहीत. चालत्या इंजिनात पाणी भरायचे असेल तर गुडॉल व्हॉल्व्ह लावून घ्या. दांड्याला आडवे भोक आणि त्यावर सिलिकॉनच्या नळीचा तुकडा, एवढाच तो प्रकार. आतला दाब नळी भोकावर घट्ट बसवतो आणि बाहेरून पंपाने ढकललेले पाणी नळी उचलून आत शिरते. नळी दर हंगामाला बदलावी, नाहीतर ती चिकटते किंवा फाटते. लेडी अ‍ॅनला पाण्याची काच पर्याय म्हणून घेता येते. देखभालीच्या नजरेने पाहता दोन्हींतला सर्वांत मोलाचा फरक हाच.

बोअरवेलचे पाणी या बॉयलरमध्ये घालू नका. दख्खनच्या जड पाण्यातले क्षार नळीवर पापुद्र्यासारखे बसतात, उष्णता अडवतात, आणि त्यांचे सुटलेले कण थ्रॉटलच्या (वाफ कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सुईत अडकतात. आरओचे पाणीही क्षारमुक्त नसते, फक्त क्षार कमी असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी चालते. मात्र असे क्षार पूर्ण काढलेले (आयनमुक्त) पाणी पितळेतले जस्त ओढून घेते अशी भीती असल्याने अनेक जण त्यात दहावा हिस्सा साधे नळाचे पाणी मिसळतात. सर्वांत चांगले म्हणजे पावसाचे पाणी. पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्याव्यात, मग मोकळ्या जागी स्वच्छ बादली ठेवावी आणि पाणी दुपदरी कापडातून गाळून काचेच्या बाटल्यांत भरावे. वर्षभराची बेगमी एका आठवड्यात होते. क्षार आधीच बसले असतील तर पाव लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालून अर्धा तास बॉयलरमध्ये ठेवा, हलवून ओता आणि तीनदा स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या.

आता लुब्रिकेटर, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणारे भांडे. बहुतेक इंजिने इथेच वाया जातात, म्हणून हा भाग नीट समजून घ्यायला हवा. केबिनमधल्या त्या छोट्या भांड्यातून वाफेची नळी जाते आणि नळीला बारीक भोक असते. भोकातून वाफ भांड्यात शिरते, थंड होऊन तिचे पाणी होते, पाणी जड म्हणून तळाला बसते, आणि तेवढेच तेल वर सरकून त्याच भोकातून वाफेबरोबर सिलिंडरात जाते. फेरी संपली की भांड्यात मुख्यतः पाणीच उरते. ते काढले नाही तर पुढच्या वेळी झाकण उघडल्यावर भांडे भरलेले दिसते, माणूस निर्धास्त होतो आणि इंजिन कोरडे पळते. दर फेरीनंतर पाणी काढणे आणि दर फेरीआधी तेल भरणे, यात सवलत नाही. तळाला निचऱ्याचा स्क्रू नसेल तर सिरिंजला बारीक नळी जोडून ती तळापर्यंत घाला आणि ओढा. दाब असताना झाकण उघडू नका. उकळते तेल आणि पाणी थेट तोंडावर येते.

तेल कोणते? वाफेच्या सिलिंडरसाठीचे जड तेल, आयएसओ 460 या दाटपणाच्या दर्जाच्या आसपासचे, ज्यात चरबीजन्य अंश मिसळलेला असतो. या अंशामुळे ते ओल्या पृष्ठभागाला धरून राहते. मोटरसायकलचे इंजिन ऑइल चालत नाही, कारण त्यातले डिटर्जंट पाण्याशी मिसळून लोण्यासारखा फेस करतात आणि तो बारीक भोक बंद करतो. अडचण अशी की जड सिलिंडर ऑइल कारखान्यांच्या पुरवठादारांकडे बादलीने मिळते आणि आपल्याला वर्षाला अर्धा लिटरही लागत नाही. तीन-चार जणांनी मिळून एक बादली घेऊन वाटून घेणे परवडते. तेल पोचते आहे की नाही, हे ओळखायला चिमणीवर क्षणभर पांढरा कागद धरा: पिवळसर ठिपके उमटले तर ठीक, नुसते पाणी उमटले तर भोक तुंबले आहे.

ओ-रिंग बदलताना दुकानदार समोर ठेवील ती घेऊ नका. 40 पीएसआयला वाफेचे तापमान 141 अंशांच्या घरात असते. काळी साधी नायट्राइल रिंग तिथे थोड्याच दिवसांत कडक होऊन चिरते. वाफेच्या बाजूला वाइटन (उष्णता सोसणारे कृत्रिम रबर) मागा. उलट गॅसच्या भरण-व्हॉल्व्हला नायट्राइलच योग्य. सिलिकॉन तिथे मुळीच नको, कारण हायड्रोकार्बनने ते फुगते. जुनी रिंग चपटी झालेली असते, म्हणून माप तिच्यावरून न घेता खाचेवरून घ्या: खाचेची रुंदी, खोली आणि आतला व्यास, व्हर्नियरने. पिस्टन रॉडच्या ग्लँडमधून वाफ येत असेल तर नट बोटांनी आवळून पान्याने आठवा हिस्सा फिरवा, बस. जास्त आवळले की रॉड जखडतो, इंजिन हळू चालायला तयार होत नाही आणि दोष थ्रॉटलवर जातो.

ठोके असमान येऊ लागले की अनेकांचा धीर सुटतो, खरे तर हे काम टेबलावर शांतपणे होते. चाकाच्या एका फेरीत चार सारखे ठोके यायला हवेत. आग लावू नका. लहान कॉम्प्रेसरवरून 10–15 पीएसआय हवा द्या. दोन्ही दिशांना एकच ठोका लंगडत असेल तर त्या बाजूच्या व्हॉल्व्ह रॉडची लांबी चुकली आहे. क्रँक पुढच्या टोकाला आणि मग मागच्या टोकाला आणा. रुबीच्या लॅप नसलेल्या व्हॉल्व्हने दोन्ही वेळा बरोबर मधोमध उभे राहून दोन्ही पोर्ट (सिलिंडरात वाफ जाण्याची तोंडे) जेमतेम झाकायला हवेत. फरक दिसला तर रॉड आट्यांवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा तपासा. इंजिन पुढे नीट आणि मागे मरगळलेले चालत असेल तर रॉडला हात लावू नका, तिथे एक्सेंट्रिकचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, अ‍ॅक्सलवरच्या अकेंद्री चकतीचा) ग्रब स्क्रू सरकलेला असतो. दोन्ही दिशांना वाफ सतत फुसफुसत चिमणीतून जात असेल तर अदलाबदलीच्या व्हॉल्व्हची गळती तपासा. ही तीन लक्षणे वेगवेगळी ओळखता आली की रुबीची भीती बरीच कमी होते. कंपनीच्या पुस्तिकेने हे चित्रांसह द्यायला हवे होते.

बारीक स्क्रू सुटणे हा प्रकार दोन्ही इंजिनांत आहे. कनेक्टिंग रॉडचे आणि क्रँक पिनचे स्क्रू दर दोन-तीन फेऱ्यांनी तपासा आणि कमी ताकदीचे जांभळे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा. लाल लावलेत तर पुढच्या वेळी स्क्रूचे डोके तुटेल. रुबीत मेट्रिक आटे आहेत, त्यामुळे पाने इथल्या बाजारात मिळतात. राउंडहाउसकडे बीए (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे आहेत. 8 बीए 2.2 मिमीचा, पिच (दोन आट्यांतले अंतर) 0.43, मेट्रिक एम2 चा पिच 0.4. हाताला दोन्ही सारखेच वाटतात, जबरदस्तीने बसवलेला स्क्रू दोन फेरे जातो आणि मग आटे जातात. लेडी अ‍ॅन घेणाऱ्याने बीए पान्यांचा संच आणि मूठभर स्क्रू इंजिनासोबतच मागवावेत.

मामोड या ब्रिटिश खेळणी-इंजिन कंपनीचे नाव अनेकदा निघते, म्हणून थोडक्यात. त्यांची डुलत्या सिलिंडरची इंजिने उघडायला सर्वांत सोपी, पण बॉयलर बाहेरून तापतो, इंधन घन वड्यांचे, दाब कमी. वाऱ्याची झुळूक आली की ज्योत बॉयलरपासून दूर सरकते आणि इंजिन थांबते. आत काय चालते ते शिकायला ठीक, डबे ओढायला घेऊ नये.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी आणखी एक काम: बॉयलर गरम असतानाच रिकामा करा, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तोंड उघडे ठेवा, पोलादी अ‍ॅक्सल आणि क्रँक पिनवर मशीन ऑइलचा हात फिरवा, आणि इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. ओली वाफ सिलिंडरात तशीच सोडली तर जुलै संपेपर्यंत व्हॉल्व्ह रॉड चिकटलेला सापडतो.

स्पष्ट मत द्यायचे तर, पान्याशी मैत्री असलेल्या माणसाने रुबी घ्यावी. कमी पैशांत खरे इंजिन मिळते, सगळे भाग हाताच्या आवाक्यात आहेत आणि सुधारणा करायला भरपूर वाव आहे. ज्याला रविवारी सकाळी इंजिन काढून चालवायचे आहे, पण उघडायचे नाही, त्याने थांबून पैसे साठवावेत आणि पाण्याच्या काचेसह लेडी अ‍ॅन घ्यावी. तिचे सुटे भाग कंपनी स्वतंत्रपणे विकते आणि ती सुट्या भागांच्या संचातही मिळते, जोडताना आतली रचना आपोआप कळते. परदेशातून कोणी नातेवाईक येत असेल तर रुबीसोबत दोन जेट, वाइटन ओ-रिंगचा संच, दाबमापक, गुडॉल व्हॉल्व्ह आणि अर्धा लिटर स्टीम ऑइल आणायला सांगा. गॅसचा कॅन विमानात चालत नाही, तो इथेच घ्यावा लागेल. आणि इंजिन जुने असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून एक दिवस वाऱ्यावर ठेवल्यावरच ते सामानात भरावे.